माघात तोडलं

"घटस्फोट हे नवं खूळ आहे, आपल्यात पूर्वी असलं काही नव्हतं," असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. परवा एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या पानावरचे निवृत्त मास्तर जिलबी खाता खाता हेच म्हणाले. मी म्हटलं, "मास्तर, जिलबी गार होतेय, ती खा. ज्यातलं कळतं त्यातलं बोला." त्यांना राग आला. येऊ दे. उभा जन्म निपाणी-चिकोडीच्या पट्ट्यात काळा कोट घालून काढला, काडीमोडीच्या भानगडी निस्तरता निस्तरता डोक्यावरचे केस गेले, आणि हे गृहस्थ मला सांगणार पूर्वी काय नव्हतं!

होतं, चांगलं होतं. पांढरपेशांच्या घरात नव्हतं. तिथं बाई माहेरच्या माजघरात कुढत बसायची, नाहीतर विहीर जवळ करायची. पण कुणब्यांत, विणकरांत, धनगरांत काडीमोड होती आणि ती सरकारच्या कायद्याच्या कितीतरी आधीपासून होती. देवळाच्या ओट्यावर नाहीतर चावडीपुढं पंच बसायचे. नवरा-बायको समोरासमोर. एक काडी घ्यायची, तिची दोन टोकं दोघांनी धरायची, मोडायची आणि बाईनं चारचौघांत मोठ्यानं म्हणायचं, "तोडलं." झालं मोकळं. मग दागिने कुणाचे, आहेराची भांडी कुणाची, लग्नाचा खर्च कुणी कुणाला परत करायचा याचा निवाडा पंच करायचे. पंचांचं पटलं नाही की मंडळी बैलगाडी जुंपून आमच्याकडं यायची. लोकांची भांडणं शिळी झाली की ती वकिलाच्या ताटात पडतात, हा आमचा धंदा.

या धंद्यात गमतीही पुष्कळ पाहिल्या. वडगावच्या एका विणकराची काडीमोड झाली. भांडी वाटली, अंथरुणं वाटली, पण माग एकच. नवरा म्हणे बापजाद्यांचा, बायको म्हणे माझ्या पाटल्या मोडून घेतलेला. पंच थकले, मग मीही थकलो. शेवटी दोघंच म्हणाले, राहू दे तिथंच. पुढं कितीतरी दिवस ती बाई रोज सकाळी भावाच्या घरातून यायची, सुताच्या कांड्या भरून द्यायची, तो विणायचा, आणि दोघांत एका अक्षराचं बोलणं नाही. एकदा वाटेनं जाताना मी आत डोकावलो तर ती मला म्हणाली, "वकीलअण्णा, ह्येला सांगा, धोटा नीट मार म्हणावं." हा तिच्यापासून चार हातांवर बसलेला! मी सांगितलं. त्यानं ऐकलंही.

दुसरी एक काडीमोड अशीच, त्या ओट्यावर पंचांशेजारी मीही होतो. बाईनं माहेराहून म्हैस आणलेली होती. पंचांनी म्हैस बाईला दिली. म्हशीच्या मागं रेडकू होतं. ते सासरच्या गोठ्यात जन्मलेलं, सासरच्या वैरणीवर वाढलेलं. मी मुद्दाम विचारलं, "रेडकाचं काय?" पंच माझ्याकडं असे बघायला लागले, जणू मला ऊन लागलंय. "आवं सायेब, रेडकू म्हशीमागं जाणार की! त्यात इच्यारायचं काय?" नवऱ्यानंही मान डोलावली. आणि त्याच ओट्यावर, त्याच बैठकीत, त्याच शहाण्या माणसांनी त्या बाईचं पाच वर्षांचं पोरगं बापापुढं बसवलं आणि तिला वाटेला लावलं. पुढं म्हैस, मागं रेडकू आणि त्याच्या मागं डोळे पुसत ती.

आता कायद्याचं सांगतो, थोडक्यात सांगतो, कारण कायदा ऐकून कुणाचं पोट भरत नाही. आमच्या वेळी कायदा म्हणायचा, मुलाचा पालक बाप. बाप नसला तर आई. मूल अगदी लहान असलं तर जज्ज आपल्या मर्जीनं आईकडं ठेवायचा, पण ती त्याची मेहरबानी. पंचांचा रिवाज वेगळा. ते म्हणायचे, पोर अंगावर पितंय तोवर आईकडं, आईनं तोडलं की बापाकडं. आता हे 'तोडलं' दुसरं बरं का. आमच्याकडं पोराचं दूध सोडवलं की बायका म्हणतात, पोराला तोडलं. म्हणजे काडी मोडताना म्हणायचं तेही 'तोडलं' आणि पोराचं पिणं बंद केलं तेही 'तोडलं'. गावात यानं कुणाचा कधी घोटाळा झाला नाही. घोटाळा करायला कोर्ट लागतं.

तेच सांगायला बसलोय. दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. निपाणीजवळच्या एका खेड्यातली बायाक्का नावाची बाई माझ्याकडं आली. वय असेल बाविशीचं. काटक, काळीसावळी, आवाज खणखणीत. कडेवर मुलगी, तिचं नाव सगुणा, हाक मारायची सगू. सगू तीन वर्षं उलटलेली, कानात डूल, तोंडात दात, आणि आईच्या कडेवर बसून माझ्या ऑफिसातल्या टांगत्या पंख्याकडं आ वासून बघत होती. आमच्याकडच्या बायका 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात, तशीच तीही बोलली.

"वकीलअण्णा, मी आलो ती रानासाठी न्हवं. पोरीसाठी आलो. आदी त्येवढं ध्यानात घ्या."

हकिगत अशी. नवरा कृष्णा. तो तसा मऊ, पण बापाच्या मुठीतला. बाप म्हणजे तात्या. सगळं गाव त्याला तात्या म्हणायचं आणि टरकून असायचं. सगू जन्मली तेव्हा मुलगी झाली म्हणून बाळंतिणीच्या खोलीकडं तात्या फिरकला नाही. बारशाला घुगऱ्यासुद्धा वाटल्या नाहीत. कृष्णानं दुसरी बाई आणायचं ठरवलं, मारहाण सुरू झाली, आणि सगू रांगायला लागली तेव्हा माघ महिन्यात काडीमोड झाली. पंचांनी विचारलं, पोरगी? तात्या म्हणाला, "अंगावर पितीया तोवर ठिवू दे तिच्याकडं. मग बघू." म्हणजे भरल्या पंचांत त्यानं ते कबूल केलं. खरं तर ती बला टळली म्हणून तो खूशच होता. बायाक्का निपाणीला आपल्या विधवा आत्याकडं राहायला गेली, तंबाखूच्या वखारीत मजुरी करू लागली, आणि दोन वर्षं सासरच्या माणसांनी मुलीची साधी चौकशी केली नाही.

मग आत्या वारली. तिला मूलबाळ नव्हतं. मरायच्या आधी तिनं आपलं तंबाखूचं रान बक्षीसपत्र करून सगूच्या नावावर केलं. निपाणीची तंबाखू, काळी जमीन, विहीर बागायत. बस्स! आत्याचं दिवसकार्य आटोपतं न आटोपतं तोच तात्याला नातीची माया आली. ऊर भरून आला हो म्हाताऱ्याचा! मुलीच्या नावावरचं रान कोण कसणार? मुलीचा पालक. पालक कोण? ज्याच्याकडं मुलगी. म्हणून आधी मुलगी पाहिजे. कृष्णाच्या नावानं जिल्ह्याच्या जज्जासमोर अर्ज पडला: पंचांच्या रिवाजाप्रमाणं मूल अंगावरून तुटलेलं आहे, सबब ते बापाच्या ताब्यात द्यावं.

'ताबा' हा आमचा कोर्टाचा शब्द. शेताचा ताबा, घराचा ताबा, जप्त केलेल्या भांड्यांचा ताबा आणि पोटच्या पोरीचाही ताबाच. तो अर्ज वाचताना मला जो संताप आला तो आज लिहितानाही येतोय.

"सगू अजून पिते का?" मी विचारलं. विचारणं भाग होतं.

"पितीया की. मी तोडलीच न्हाय," बायाक्का म्हणाली. "वखारीतल्या बायका हासत्यात. म्हंत्यात, लगीन होईपतोर पाजणार हायस काय गं? हासू देत. पंचांनी सांगिटलंय न्हवं, तोडली की बापाची. मग मी कशाला तोडू?"

म्हणजे आमचा सगळा दावा एवढ्यावर उभा. कायदा बापाच्या बाजूचा. पण बापाच्या घरानंच पंचांसमोर कबूल केलेलं होतं की पिते तोवर आईची. मुलगी पिते हे सिद्ध झालं तर राहील, नाही झालं तर जाईल. बेळगावात, भर कोर्टात, काळ्या डगल्यातल्या पुरुषांनी ठरवायचं की एका बाईच्या पदराखाली काय चाललंय. मला सांगा, मास्तर, हे तुमच्या पूर्वीच्या काळात होतं का नव्हतं?

तारखेच्या आदल्या आठवड्यात तिचा भाऊ दत्तू आला. त्याचं गाव कागलकडं, संस्थानी मुलखात. तेव्हा कोगनोळी संपली, दूधगंगेचा पूल ओलांडला की इंग्रजी हद्द संपायची आणि कोल्हापूरचं राज्य लागायचं. बेळगावचा हुकूम तिकडं चालायचा नाही. तिकडं न्यायचा तर नवा अर्ज, नवा वकील, नवा जज्ज. दत्तूनं सरळ विचारलं, "अण्णा, म्या हिला आन् पोरीला रातोरात पल्याड न्हेलं तर?"

वकिलानं अशा प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसतं. मी म्हटलं, "दत्तू, पूल कुठं आहे ते तुला माहीत आहे. कायदा कुठं संपतो ते मी तुला सांगितलं. पुढचं मला विचारू नकोस."

पण बायाक्काच उसळली. "मी काय कुणाच्या घरात चोरी केलोय? रातचं कशाला पळू? पळालो तर समदी म्हंतील, हिचंच कायतरी वाकडं हुतं. माझी पोरगी हाय, मी तिला दिसाउजेडी, रस्त्यानं, कडंवर घेऊन न्हेनार." तिचं खरं होतं, आणि खरं असणं कोर्टात किती कामाला येतं हे तिला अजून माहीत नव्हतं.

जज्जसाहेब गुजरातेतले, मराठी परीक्षा देऊन शिकलेले. माणूस सज्जन. मला बदमाशांचा जेवढा राग नाही तेवढा असल्या सज्जनांचा आहे. बदमाश निदान आपण काय करतोय ते ओळखून असतो. सकाळी आमची साक्षीदार सुईण उभी राहिली. म्हणाली, "पोरगी अजून तोडली न्हाय सायेब." जज्जांनी मान वर केली. तोडली म्हणजे? शिरस्तेदारांनी समजावून सांगितलं की या भागात दूध सोडवण्याला तोडणं म्हणतात. साहेबांना मौज वाटली. नवा शब्द मिळाला की त्यांना पेढा मिळाल्यासारखं व्हायचं. त्यांनी तो कागदाच्या कडेला टिपून घेतला, पुन्हा एकदा म्हणून पाहिला, "तोडणे," आणि हसले.

विरुद्ध बाजूचे वकील आमच्याच भागातले, इथल्याच मातीत वाढलेले. कुठला शब्द बायका कधी वापरतात हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक. दुपारी त्यांनी बायाक्काची उलटतपासणी घेतली. उलटतपासणी म्हणजे समोरच्या वकिलानं तुमच्या साक्षीदाराला प्रश्न विचारून उघडं पाडायचं. उभं राहताना त्यांनी कोपऱ्यातल्या केरसुणीची एक काडी उचलून घेतली. माझं लक्ष गेलं, पण मला वाटलं, दात कोरायला घेतली असेल. दुपारच्या जेवणानंतरची वेळ.

काडी बोटांत फिरवत ते गोड आवाजात म्हणाले, "बाई, तू पंचांपुढं बसली होतीस?"

"व्हय."

"काडी मोडलीस?"

"मोडली की."

"कुणी जबरदस्ती केली?"

"न्हाय. माझ्या मनानं मोडली."

मग त्यांनी काडी खाली केली आणि मुलीवर आले. "सगुणा तुझी एकुलती एक?"

"व्हय."

"दात आलेत?"

"आल्यात."

"भाकरी खाते?"

"खाती की. दुधात कुस्करून दिली की वाटीभर खाती."

जज्जसाहेब खाली मान घालून लिहीत होते. वकिलांनी ती काडी दोन्ही हातांत धरून बायाक्काच्या डोळ्यांसमोर वर उचलली, कडकन मोडली आणि विचारलं, "आणि तोडलं कधी?"

"माघात," बायाक्का म्हणाली. काडीकडं बघत म्हणाली.

"माघात तोडलं?"

"व्हय, माघात तोडलं."

"पुन्हा जोडलं नाहीस?"

"कशाला जोडू? तोडलं ती तोडलं. त्यात काय माघारी फिरायचं नसतंय."

जज्जसाहेबांनी सकाळी शिकलेला शब्द दुपारी वापरायला मिळाला म्हणून आनंदानं लिहून घेतलं: मुलीचं दूध गेल्या माघात सोडवलं. कागदावर काडी उमटत नाही. कागदावर भाकरी आहे, दात आहेत आणि त्याच्याखाली, माघात तोडलं. झाला खटला.

मी उठलो तो खुर्ची पाडूनच. साहेब, ही लबाडी आहे, यांनी काडी दाखवली, ती बाई काडीमोडीचं बोलतेय! विरुद्ध वकील शांतपणे म्हणाले, "कुठली काडी?" दोन्ही तुकडे त्यांच्या खिशात गेलेले. मी फेरतपासणीत विचारलं, "बायाक्का, माघात कुणाला तोडलंस?"

"नवऱ्याला!" ती ओरडली. आता तिच्याही ध्यानात आलं होतं. "नवऱ्याला तोडलो सायेब! पोरीला कोण आई तोडंल वं? ह्या मानसानं मला काडी दावली!"

विरुद्ध वकील म्हणाले, "वकिलांनी शिकवलेलं उत्तर आहे." जज्जसाहेब म्हणाले, "दोन्ही उत्तरं नोंदली आहेत." नोंदली आहेत! एका बाईची फसवणूक आणि तिची किंकाळी दोन्ही एकाच शाईत नोंदली, की यांचं कर्तव्य संपलं.

पुढं जे झालं ते लिहू नये असं आमच्या घरच्यांचं मत. मी लिहिणार. जज्जांनी ठरवलं की उत्तरं उलटसुलट आहेत, तेव्हा खात्रीच करून घ्यावी. दवाखान्यातल्या नर्सबाईंना बोलावणं गेलं. बायाक्काला आणि सगूला रेकॉर्डाच्या खोलीत नेलं, दार लावून घेतलं. आम्ही पुरुष व्हरांड्यात उभे. तात्या पान चघळत, कृष्णा खांबाला टेकून नखं कुरतडत, विरुद्ध वकील घड्याळाकडं बघत, आणि मी. उभ्या जन्मात मला माझ्या काळ्या डगल्याची एवढी शिसारी कधी आली नव्हती. बाजारात म्हैस घेताना माणसं कास दाबून बघतात, पण ते म्हशीच्या मालकाला विचारून. इथं बाईला विचारलं कुणी?

नर्सबाई बाहेर आल्या, मान खाली घालून म्हणाल्या, "दूध आहे."

मी म्हटलं, संपलं! विरुद्ध वकील म्हणाले, "दूध असेल. मूल पितं कशावरून?"

आणि त्या सज्जन जज्जांनी मान डोलावली. नर्सबाई पुन्हा आत. या वेळी दार नीट लागलं नाही. आतलं बोलणं ऐकू येत होतं.

"सगू, ये गं. पी."

"न्हाय."

"एक डाव पी माझे बाय. भूक लागली न्हवं तुला?"

"न्हाय. मानसं हायती."

"दार लावलंय गं. कोन बगत न्हाय. ह्या बाय आपल्याच हायती. ये, पदरात ये."

"मी मोठी झालोय. घोडी झालोय मी. बायका हासत्यात."

गल्लीतल्या बायका पोरीला चिडवायच्या, घोडी झाली तरी पितीया म्हणून. त्या एवढ्याशा जिवाला तेवढी लाज कळायला लागली होती. मग बायाक्काचा आवाज फुटला. विनवणी करत होती हो ती, पोटच्या पोरीच्या पाया पडत होती. "सगू, आई म्हन मला, पी गं, एकच घोट पी, न्हायतर तुला नेत्यात गं ही मानसं." सगू घाबरली आणि भोकाड पसरून रडायला लागली. रडणारं मूल पितं होय?

नर्सबाईंनी येऊन सांगितलं, "दूध आहे. पण मूल पीत नाही." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. व्हरांड्यात डोळ्यांत पाणी आलेलं तेवढं एकच माणूस. कृष्णानं नखं कुरतडणं थांबवलं नाही. जज्जसाहेब म्हणाले, निकाल उद्या. निकाल काय असणार ते पट्टेवाल्यालासुद्धा कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी कोर्ट उघडायच्या आधी मी तात्याला समोरच्या चहाच्या हॉटेलात गाठलं. कृष्णा बशीत चहा ओतून पीत होता. मी आडपडदा ठेवला नाही. म्हटलं, "तात्या, नात पाहिजे का रान पाहिजे? एकच सांग."

"म्हंजे?"

"रान तुम्ही कसा. सगू सज्ञान होईपर्यंत पीक तुमचं. मुलगी आईकडं, कायमची. पुन्हा तिच्यावर हक्क सांगायचा नाही. नाहीतर आज निकाल तुझ्या बाजूनं लागू दे, मी उद्या वरच्या कोर्टात जातो. तिथला निकाल लागेपर्यंत तू म्हाताऱ्याचा आणखी म्हातारा होशील आणि रान पडीक राहील."

नातीची एवढी माया असलेल्या माणसानं विचार करायला किती वेळ घ्यावा? तात्यानं पिंक टाकली आणि म्हणाला, "रानाचं आमाला लिव्हून द्या. पोरगी कुटं का असंना." कृष्णाकडं त्यानं बघितलंही नाही. मीच बघितलं. त्यानं बशी खाली ठेवली, तोंड पुसलं आणि म्हणाला, "तात्या म्हंत्यात तसं." हा बाप! कायद्यानं ठरवलेला पालक!

तडजोड लिहिली. बायाक्कानं माझ्या शब्दावर अंगठा उठवला. अज्ञान मुलीच्या मालमत्तेची तडजोड म्हणून जज्जांची परवानगी लागते. कायदा म्हणतो, मुलीच्या हिताची असेल तरच द्यावी. मुलीचं रान मुलीला लाथाडणाऱ्या म्हाताऱ्याच्या घशात जातंय आणि साहेबांनी वर लिहिलं, ही तडजोड अज्ञान मुलीच्या हिताची आहे. सही करून चष्मा काढला आणि दोन्ही वकिलांचं अभिनंदन केलं. समजूतदारपणा दाखवल्याबद्दल! विरुद्ध वकिलांनी माझ्याशी हस्तांदोलन केलं. बाररूममध्ये चार जणांनी माझी पाठ थोपटली. कुणीतरी म्हणालं, "हरलेला दावा वाचवलात बुवा." दुसऱ्यानं चहा सांगितला. मी तो चहा घेतला नाही.

बाहेर येऊन मी बायाक्काला सगळं समजावलं. ती व्हरांड्याच्या पायरीवर बसली होती. आदल्या दिवशीच्या रडण्यानं सगूचे डोळे सुजलेले, ती आईच्या मांडीवर झोपी गेलेली. दत्तू बैलगाडी जुंपायला गेला होता.

"म्हंजे पोरगी माझी?"

"तुझी. आता कुणी मागू शकत नाही."

"कागदावर लिव्हलंय?"

"लिहिलंय. जज्जांची सही आहे."

"आन् रान?"

"सगू मोठी होईपर्यंत तात्या कसणार."

तिनं सगूच्या कपाळावरचे केस मागं सारले. मला वाटलं, ती रडेल नाहीतर पाया पडेल. पक्षकार यातलं एक काहीतरी करतात. तिनं यातलं काहीच केलं नाही. म्हणाली, "म्हंजे माझी पोरगी मी इकत घेटलो. ती बी तिच्याच रानानं."

मी उगाच कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

थोड्या वेळानं तिनं इकडंतिकडं बघितलं, आवाज खाली आणला आणि म्हणाली, "अण्णा, एक इच्यारू? इच्यारायला लाज वाटतीया, पर आता तुमाला समदंच ठावं हाय."

"विचार की."

"दात लागत्यात वं हिचं. लई दिवस झालं. चरे पडल्यात, रगात येतंय. वखारीत तंबाखूचा धुरळा त्यात जाऊन आग आग हुती. कवाच तोडायची हुती हिला, पर तोडलो की नेतील म्हनून दातओठ खाऊन पाजत ऱ्हायलो." तिनं पदर सारखा केला. "मग आता तोडू काय? कोर्टाची काय हरकत न्हाय न्हवं?"

आयुष्यभर लोकांनी मला हद्दीचं विचारलं, वारसाचं विचारलं, वाटणीचं विचारलं. ज्याचं त्याला उत्तर दिलं, ज्याची त्याची फी घेतली. या प्रश्नाला काय म्हणू? थांब, जज्जांना विचारून येतो म्हणू? अर्ज करावा लागेल म्हणू? मला असा संताप आला की त्या इमारतीचं एकेक कौल ओढून काढावं.

"तोड बाई," मी म्हटलं. "आजच तोड. आत्ता तोड. कुणाचीही हरकत नाही."

आणि त्या बाईनं, तेवढी परवानगी दिली म्हणून, मला हात जोडले.